प्राचीन शोधांच्या यादीत साखरेचा दाणा का हवा

वाळवा तालुक्यातून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "प्राचीन आणि पूर्वमध्ययुगीन जगातले महत्त्वाचे शोध म्हणून चाक, लोखंड, कागद, शून्य, होकायंत्र, बंदुकीची दारू अशी यादी पाठ केली आहे. साखर भारतात शोधली गेली असं एके ठिकाणी वाचलं. पण ऊस मुळात बाहेरून आला म्हणतात. मग साखरेला शोध मानायचं का? आणि मानलं, तर ती चाक आणि कागदाच्या पंगतीत बसते का?"

मानायचं, आणि पंगतीतही बसवायचं. सांगली-सातारा पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत केमिस्ट म्हणून माझी नोकरी गेली. निम्मा वेळ प्रयोगशाळेत, निम्मा पॅनपाशी, म्हणजे पाक आटवून दाणा धरवण्याच्या मोठ्या भांड्यापाशी. आपल्याकडे शिवारात ऊस, रस्त्याला ट्रॉल्या आणि घरात साखरेचं पोतं, त्यामुळे साखर आपोआप होते असं वाटतं. तसं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उसाबद्दल तुम्ही वाचलं ते खरं आहे. आपण आज जो जाड, रसाळ ऊस लावतो त्याचं मूळ न्यू गिनी बेटावरचं. तिथून तो आग्नेय आशियातून भारताकडे सरकला आणि इथल्या रानटी जातींशी त्याचा संकर होऊन उत्तर भारतातले बारीक, चिवट ऊस तयार झाले. पण ऊस हे पीक आहे. तो चघळता येतो, त्याचा रस काढता येतो, आणि न्यू गिनीतले लोक हजारो वर्षं तेच करत होते. साखर त्यांनी केली नाही. ऊस जिथे जिथे पोचला तिथे साखर झाली असती, तर मी तिला शोध म्हटलं नसतं.

अडचण रसातच आहे. रसात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. उरलेल्यात बहुतांश साखर, पण तिच्याबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज, आम्लं, क्षार, मेण, डिंक आणि माती. रस मुळात थोडा आंबट असतो, त्याचा पीएच सव्वापाचच्या आसपास. तो तसाच ठेवला तर काही तासांत आंबायला लागतो. तसाच उकळला तर आम्ल आणि उष्णता मिळून साखरेचा रेणू तोडतात, त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ही जोडगोळी दाणा धरू देत नाही. म्हणजे तुम्ही जितका जास्त आणि जितका निष्काळजीपणे उकळाल, तितकी साखर हातातून जाते.

हंगामात शिराळा किंवा कराड भागातल्या गुऱ्हाळावर एकदा उभ्या राहा. चरकातून रस हौदात आणि हौदातून काहिलीत येतो. चुलवाणात चिपाडाचा जाळ, म्हणजे उसानेच उसाचं सरपण पुरवलेलं. रस तापला की हिरवट-काळी साय वर येते, ती झाऱ्याने काढतात. त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी आणि चुन्याची निवळी घालतात. भेंडीचा चिकटपणा बारीक घाण गोळा करून वर आणतो, चुना आम्ल मारतो. चुना कमी पडला तर गूळ पाघळतो, जास्त पडला तर काळा पडतो. शेवटी फेस पिवळा होऊन जड फुटायला लागतो, तेव्हा गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांत वळून बघतो. गोळी टणक झाली की काहील उतरवायची. थर्मामीटर लावला तर तिथे ११८ अंशांच्या आसपास आकडा दिसतो. गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. आम्ल मारणं, गाळ वर आणणं आणि नेमक्या बिंदूवर थांबणं, ही तिन्ही कामं आजचा कारखानाही करतो, फक्त त्याची यंत्रं मोठी आहेत.

पण गुळापर्यंत पोचणं वेगळं आणि दाण्यापर्यंत पोचणं वेगळं. गुळात सगळंच एकत्र गोठतं, साखरही आणि मळीही, म्हणजे दाणा न धरणारा काळा चिकट पाकही. दाणा मिळवायचा तर साखरेला बाकी सगळ्यापासून सुटं व्हायला लावायचं, आणि ते तिने स्वतःच करायचं असतं. आपण फक्त परिस्थिती जुळवून देतो.

ती अशी जुळते. २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते, आणि १०० अंशाला तेवढ्याच पाण्यात ४८० ग्रॅमच्या वर. म्हणजे गरम, दाट पाक निवला की त्यातली निम्म्याहून जास्त साखर पाण्यात मावत नाही. ती बाहेर पडायला बघते, पण लगेच पडत नाही. पाकाची एक मधली अवस्था असते. त्यात आधीचा दाणा असेल तर तो वाढतो, नवा मात्र जन्मत नाही. पाक त्याहून दाट केला की एकदम लाखो बारीक दाणे सुटतात, त्यांचा चिखल होतो आणि त्यातून मळी निघत नाही. पातळ ठेवला तर असलेला दाणाही विरघळतो. सगळी कला त्या मधल्या अरुंद पट्ट्यात राहण्याची.

पॅनमधून नमुना काढून काचेवर पसरला आणि भिंगाखाली धरला की हे डोळ्यांना दिसतं. चांगल्या पाकात सगळे दाणे एका मापाचे, कडा धारदार, मधला पाक स्वच्छ. पट्टा ओलांडला असेल तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये धुरळ्यासारखे बारीक दाणे दिसतात. आणि ऊस तोडून तीन-चार दिवस फडात किंवा गाडीत पडून राहिलेला असेल, तर दाणा लांबट, सुईसारखा वाढतो. शिळ्या उसात जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, तो दाण्याच्या काही बाजूंची वाढ अडवतो. दाण्याच्या आकारावरून ऊस शिळा आहे हे मी प्रयोगशाळेत बसून सांगत असे, आणि तोडणीच्या तारखा पाहिल्या की ते जुळत असे.

आता हे सगळं भिंग, पीएच आणि तापमापक नसताना कुणीतरी जमवलं. पाक किती दाट करायचा, मडक्यात किती सावकाश निववायचा, किती दिवस न हलवता ठेवायचा हे ठरवलं. आणि शेवटी दाण्याला चिकटलेली मळी काढायची युक्ती शोधली. उत्तर भारतात खांडसारीच्या, म्हणजे हाताने देशी साखर करण्याच्या, जुन्या पद्धतीत राब (दाणे धरलेला घट्ट पाक) टोपलीत भरून वर ओलं पाणशेवाळ पसरत. त्यातलं पाणी थेंबाथेंबाने खाली झिरपतं, दाण्यावरची काळी मळी धुऊन नेतं आणि दाणा फारसा विरघळत नाही. वरचा थर पांढरा झाला की खरवडून घ्यायचा, पुन्हा शेवाळ घालायचं. आमच्या सेंट्रिफ्युगल यंत्रात जाळीच्या पिंपात दाणा गरगर फिरवून वरून पाण्याचा फवारा मारतात, तत्त्व तेच. माझ्या मते साखरेच्या शोधातला सर्वांत हुशारीचा भाग हा धुण्याचा आहे.

पुराव्यांकडे येऊ, कारण परीक्षेत त्याला गुण आहेत. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस इ.स.पू. ३२५ च्या सुमारास भारतात होता. मधमाश्यांशिवाय मध देणारे बोरू इथे आहेत, असं त्याच्या नावावर ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवलं आहे. ऊस बघून परका माणूस चकित झाला, एवढंच त्यातून कळतं. खरा पुरावा कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. कोठाराच्या प्रकरणात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असा एक वर्ग दिला आहे. हा क्रम कुणाही साखरवाल्याला लगेच ओळखता येतो: आधी काकवीसारखा पातळ पाक, मग गूळ, मग मळीसकट बारीक दाणा, मग खडा, मग निथळलेली स्वच्छ साखर. कोठारात पाच प्रती वेगवेगळ्या मोजल्या जात होत्या, म्हणजे त्या नेहमी बनत होत्या. चरकसंहितेतही मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशी चढती निर्मळता सांगून, जसजशी निर्मळता वाढते तसतसा थंडपणा वाढतो असं म्हटलं आहे. तो वैद्यकाचा विचार आहे, पण वैद्यांच्या हातात शुद्धतेच्या निरनिराळ्या पायऱ्यांचा माल होता हे त्यातून पक्कं होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन जगातले लेखक प्लिनी आणि वैद्य डायोस्कोरिडीस दोघेही भारतातून येणाऱ्या या पदार्थाबद्दल लिहितात. मिठासारखा, दाताखाली कुडकुड फुटणारा, औषधापुरता वापरायचा. प्लिनी तर मोठ्यातला मोठा खडा एका छोट्या फळबीएवढा असतो असं सांगतो. दाताखाली फुटणारा म्हणजे दाणा. गूळ असा फुटत नाही.

मग येतं ते साल जे मी तुम्हाला अधोरेखित करायला सांगेन: इ.स. ६४७. चीनचा तांग सम्राट ताइझोंग याने मगधाला माणसं पाठवली, ती साखर उकळण्याची पद्धत शिकून यायला. तांग राजवटीच्या अधिकृत इतिहासात ही नोंद आहे, आणि परतल्यावर यांगझोऊहून ऊस मागवून त्याच पद्धतीने साखर केली, ती रंगाचवीला पश्चिमेकडच्या मालापेक्षा सरस झाली, असंही तिथे लिहिलं आहे. चीनमध्ये ऊस आधीपासून होता, त्याचा पाकही करत होते. तरी राज्याला दूत पाठवावा लागला. पीक असून विद्या नव्हती, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? पुढे वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहांत सापडलेल्या कागदांत भारतीय साखरेच्या कृतीचं एक चिनी टिपणही मिळालं. दुसऱ्या बाजूने ही विद्या इराणात गेली, तिथून अरबांबरोबर इजिप्त, सिसिली आणि स्पेनपर्यंत. इजिप्तने मध्ययुगात शुद्ध साखरेत मोठं नाव कमावलं.

आता पंगतीचा प्रश्न. चाकाबद्दल मी कमी बोलणार आहे. इ.स.पू. ३५००च्या आसपास गाड्या दिसू लागतात, स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलीत सापडलेलं लाकडी चाक पाच हजार वर्षांहून जुनं आहे, आणि मेक्सिकोकडच्या प्राचीन लोकांनी चाकांची खेळणी केली पण ओढायला जनावर नसल्याने गाडी केली नाही. एवढं पुरे. चाक डोळ्यांना दिसतं, हातात धरता येतं, म्हणून ते प्रत्येक यादीत पहिलं येतं.

माझं म्हणणं असं की प्राचीन जगातले कितीतरी मोठे शोध वस्तूचे नाहीत, पदार्थाला काबूत ठेवण्याच्या रीतीचे आहेत. दक्षिण भारतातलं मुशीतलं (धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यातलं) पोलाद घ्या. तमिळनाडूतलं कोडुमणल, तेलंगणातलं कोनसमुद्रम ही त्याची ठिकाणं. लोखंडाचे तुकडे आणि झाडाचा पाला-लाकूड बंद मुशीत घालून तापवायचं, लोखंडात दीडेक टक्का कार्बन मुरवायचा आणि मूस अगदी सावकाश निववायची. घाईने निववली तर पोत बिघडतो. साखरेच्या माणसाला हे वाचताना घरचंच वाटतं, कारण तिथेही सगळा खेळ निवण्याच्या गतीचा आहे. काचेत नेमकं उलटं: वितळलेल्या वाळूला स्फटिक व्हायला वेळच द्यायचा नाही. इ.स.पू. पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याकडे नळीने फुंकून काच फुगवण्याची युक्ती सापडली आणि श्रीमंतांची काच सामान्यांच्या घरात आली. लिमलेटची गोळीही शास्त्राच्या भाषेत साखरेची काचच आहे, पाक भरकन थंड केला म्हणून दाणा झाला नाही.

आणि चुना! चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजायची, पाण्यात विझवायची. ही विद्या मातीच्या भांड्यांच्याही आधीची, पश्चिम आशियातल्या नवाश्मयुगीन घरांच्या जमिनी चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत. रोमनांनी त्यात ज्वालामुखीची राख मिसळली आणि पाण्याखालीही घट्ट होणारं काँक्रीट केलं. रोममधल्या पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट दुसऱ्या शतकापासून सळईशिवाय उभा आहे. आमच्या कारखान्यात रोज टनांनी चुना लागतो. प्राचीन शोधांच्या यादीत चुना मला कधीच दिसला नाही, याचं वाईट वाटतं.

कागदही याच जातीचा. इ.स. १०५ मध्ये चाय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, ताग, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून केलेला कागद चिनी दरबारात सादर केला. त्याआधीच्या कागदाचे तुकडेही चीनमध्ये सापडले आहेत, म्हणून "चाय लुनने शोध लावला" यापेक्षा "पद्धत सुधारून रूढ केली" असं लिहा. आठव्या शतकात ती समरकंदला आणि मग बगदादला पोचली.

शून्य मात्र वेगळ्या पंगतीतलं, ते विचाराचं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याशी बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या लेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे. ६२८ आणि ६४७, मध्ये एकोणीस वर्षं. एकाच शतकात भारताकडून दोन गोष्टी जगभर निघाल्या, एक पंडिताच्या नावाची आणि एक निनावी.

होकायंत्र आणि बंदुकीची दारू यांत एक दुरुस्ती करून घ्या. दारूचं मिश्रण नवव्या शतकातल्या तांग चीनचं, ते तुमच्या कालखंडात बसतं. समुद्रावर होकायंत्र वापरल्याच्या नोंदी मात्र अकराव्या-बाराव्या शतकातल्या आहेत, त्यामुळे "पूर्वमध्ययुगीन" म्हणताना जपून.

पाणी उपसण्याच्या साधनांना कुणी यादीत जागा देत नाही, पण त्यांच्याशिवाय ऊस नाही. इजिप्तमधली उचलणी (एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला बादली असलेला लांब दांडा), बैलांनी फिरणारा दातेरी चाकांचा रहाट, आणि आपली मोट. मोटेत बैल उतारावरून खाली जातात, म्हणजे त्यांच्या ताकदीबरोबर त्यांचं वजनही पाणी ओढायला लागतं. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर अठराव्या शतकातली आहे, तेव्हा ती प्राचीन म्हणून लिहू नका. पण तंत्र जुनंच आहे, आणि बारा मोटा एका वेळी चालत असतील तेव्हा किती बागायत भिजत असेल ते थारोळ्याशी उभं राहिलं की कळतं. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राकडे नेला तेव्हा बरोबर रहाट आणि पाटही न्यावे लागले.

साखर यादीत का नसते, याची कारणं मला तीन दिसतात. तिला शोधकर्त्याचं नाव नाही. ती पाण्यात विरघळते, त्यामुळे उत्खननात खापरं आणि मणी सापडतात तशी साखर सापडत नाही, आणि लाकडी घाणे कुजून जातात. आणि तिसरं, ही विद्या ज्यांच्या हातात होती ते उकळणारे, झारेवाले, टोपल्या धुणारे लोक होते. त्यांनी लिहून ठेवलं नाही. लिहिलं ते कोठारवाल्यांनी, वैद्यांनी आणि परदेशी दूतांनी.

एक गोष्ट साखरेबद्दल लिहिताना मी टाळत नाही. हा शोध गोड असला तरी त्याचं ओझं माणसांनी उचललं. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार निघालेल्या जहाजांत कोंबली गेली, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाला उसाच्या मळ्यांत जुंपलं. आपल्याकडे आजही हंगामात बीडकडून जोडपी कोयते घेऊन येतात, पालांत राहतात आणि भल्या पहाटे फडात उतरतात. रस आंबण्याआधी ऊस गाळायला हवा हे रसायनशास्त्र आहे, आणि त्याची घाई त्यांच्या पाठीवर पडते. शोधाचं मोल मोजताना हेही मोजायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या उत्तरपत्रिकेसाठी: "ऊस भारताचा" असं लिहू नका, "उसाच्या रसापासून दाणेदार साखर वेगळी करण्याची प्रक्रिया भारतात विकसित झाली" असं लिहा. "आजची पांढरी साखर प्राचीन भारतात होती" असंही लिहू नका. कमी दाबाखाली, साठ-सत्तर अंशांवर पाक उकळणारा व्हॅक्यूम पॅन इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्डने १८१३ मध्ये आणला, आणि आजची एकसारखी शुभ्रता त्यानंतरची. काळ विचारला तर एक साल देऊ नका. इसवी सनाच्या आगेमागे सुरुवात आणि गुप्तकाळापर्यंत, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत, प्रक्रिया रुळलेली, असा पल्ला द्या. अर्थशास्त्रातला वर्ग, चरक आणि प्लिनी-डायोस्कोरिडीस हे तीन आधार त्याला पुरतात. साल लिहायचंच असेल तर ६४७ लिहा, पण शोधाचं म्हणून नव्हे, ती विद्या शिकायला चीनचे दूत मगधात आले त्याचं.